गव्हाचा तांबेरा आणि जनुकाची खूण

(सराफा बाजार, ग्वाल्हेर येथे गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर कीर्तनं होतात, नाट्यगीतं होतात, शिंदेशाहीच्या इतिहासावर व्याख्यानं होतात. यंदा मला गव्हाच्या रोगावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "आरती झाल्यावर लोक थांबतील का?" उत्तर मिळालं, "प्रसाद भाषणानंतर ठेवू." तेव्हा आपण सगळे का बसला आहात, याची मला पूर्ण कल्पना आहे. फार वेळ घेणार नाही.

आधी एक खुलासा. मी शास्त्रज्ञ नाही. राज्य शासनाच्या कृषी खात्यात नोकरी करतो, शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून बियाणं, खत, औषध यांबद्दल सांगणं हे माझं काम. पण बांधावर शेतकरी असे प्रश्न विचारतो की घरी येऊन पुस्तकं उघडावीच लागतात. त्यातला एक प्रश्न नेहमीचा: "साहब, पिछली बार तो आपने कहा था इसमें गेरुआ नहीं लगेगा?" आजचं भाषण हे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर समजा.

इथले शेतकरी ज्याला गेरुआ किंवा रतुआ म्हणतात, तोच आपला तांबेरा. गव्हाच्या पानावर बारीक पुळ्या येतात. बोट फिरवलं की कुंकवात हळद मिसळावी तशी पूड बोटाला लागते. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. एकेका पुळीत ते हजारोंनी असतात आणि वाऱ्यावर शेकडो मैल जातात. तांबेऱ्याचे प्रकार तीन. खोडावरचा काळा, पानावरचा तपकिरी आणि थंड हवेत वाढणारा पिवळा. आपल्या मध्य भारतात पहिल्या दोघांचाच त्रास जास्त. पिवळा पंजाब आणि तराईकडचा. त्याला आपला उन्हाळा सोसत नाही, आणि तो आपल्यालाही कुठे सोसतो! बुरशी पानातला रस ओढून घेते, दाणा भरत नाही, चिमून जातो. पीक उभं दिसतं, पण खळ्यावर पोतं भरत नाही.

ही नवी गोष्ट नाही. ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमन साहेब १८३५-३६ मध्ये नर्मदेकडून आपल्या ग्वाल्हेरवरून मेरठेपर्यंत गेले. त्यांच्या प्रवासाच्या पुस्तकात नर्मदेच्या खोऱ्यातल्या तांबेऱ्याचं वर्णन आहे. वीस मैल लांब, दहा मैल रुंद असा सलग गव्हाचा पट्टा, आणि चारांतलं एक शेतही कापायला परवडू नये अशी स्थिती. लोकांना वाटे, कुणाच्या तरी पापाचं हे फळ आहे. त्यानंतरचा मोठा घाव १९४६-४७ चा. मध्य भारतात काळ्या तांबेऱ्यानं सुमारे २० लाख टन गहू गेला. देश स्वतंत्र होत होता, रेशनचे दिवस होते, त्यात हे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी लाल ज्वारीच्या आणि मक्याच्या भाकरीच्या गोष्टी सांगितल्या असतील, त्या याच काळातल्या. या साथीनंतर १९५१ मध्ये इंदूरला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र निघालं, ते मुख्यतः तांबेऱ्याला दाद न देणारा गहू तयार करण्यासाठी. आज माळव्यात आणि आपल्याकडे 'एचआय' नावाचे जे गहू पेरतात, ते तिथलेच.

आता गंमत अशी, की आपल्या मैदानी भागात मे-जूनच्या उन्हात हा तांबेरा जगूच शकत नाही. मग दर हिवाळ्यात येतो कुठून? हे शोधून काढणारे प्रोफेसर करमचंद मेहता आपल्या शेजारचेच, आग्रा कॉलेजचे. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी दाखवलं की उन्हाळ्यात तांबेरा डोंगरांवर मुक्काम करतो, उत्तरेत हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीच्या डोंगरांत, आणि तिथून वाऱ्यानं खाली येतो. पुढे १९७० च्या दशकात असंही स्पष्ट झालं की नोव्हेंबरातल्या बंगालच्या उपसागरातल्या वादळांबरोबर निलगिरीचे बीजाणू मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर शेतात उतरतात. म्हणजे आपल्या भितरवार-डबऱ्याच्या शेतात जी पूड बोटाला लागते, तिचे पूर्वज उटीचे असू शकतात. अशा पाहुण्याला गावाच्या वेशीवर अडवता येत नाही. त्याला घराचं दार बंद मिळालं पाहिजे. म्हणजे गव्हाच्या अंगातच प्रतिकार हवा.

हा प्रतिकार जनुकात असतो. केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ मध्येच दाखवलं होतं की तांबेऱ्याचा प्रतिकार मेंडेलच्या नियमानं आईबापांकडून पुढच्या पिढीत उतरतो. नंतर अमेरिकेत फ्लोर नावाच्या शास्त्रज्ञानं आपल्या बुंदेलखंडात पिकतं त्या जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करून पुढची गोष्ट सांगितली: पिकातल्या प्रत्येक प्रतिकार जनुकाला तांबेऱ्यातलं एक विशिष्ट जनुक उत्तर देतं. सोप्या भाषेत, प्रत्येक कुलपाची एक किल्ली असते. तांबेऱ्यात सतत बदल होत असतात. कोट्यवधी बीजाणूंमधल्या एखाद्याच्या हाती किल्ली लागते, आणि मग ते कुलूप जिथे जिथे लावलं आहे ती सगळी दारं उघडतात.

हे कुठे दिसलं? पंजाबच्या पीबीडब्ल्यू-३४३ मध्ये. १९९५ चा हा वाण इतका गाजला की उत्तरेत लाखो हेक्टरांवर तोच तो पेरला गेला. मग पिवळ्या तांबेऱ्याला किल्ली सापडली आणि तो वाण काढून टाकावा लागला. माझं स्पष्ट मत आहे की यात दोष वाणाचा नव्हता. सगळ्या गावानं एकाच कंपनीचं एकच कुलूप लावलं, तर चोराला एकदाच कष्ट करावे लागतात. युगांडात १९९८ मध्ये काळ्या तांबेऱ्याची जी नवी जात सापडली आणि 'यूजी-९९' नावानं जगभर धसका देऊन गेली, तिनंही हेच केलं. राय नावाच्या धान्यातून गव्हात आणलेलं 'एसआर-३१' हे एकच कुलूप अर्ध्या जगानं लावलं होतं.

यावर उपाय सांगायला मी सराफ्यात उभा आहे, तेव्हा उदाहरण तिजोरीचंच देतो. जुन्या पेढ्यांच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक मालकाकडे आणि एक मुनीमाकडे. गव्हातही दोन-तीन प्रतिकार जनुकं एकत्र बसवली, तर तांबेऱ्याला एकाच वेळी दोन-तीन किल्ल्या मिळाव्या लागतील, आणि ते फार अवघड. कल्पना जुनी आहे. अडचण वेगळीच होती. समजा, दोन जनुकं असलेल्या गव्हाचा संकर केला आणि शेकडो रोपं उगवली. त्यांतल्या कोणात दोन्ही कुलपं आहेत आणि कोणात एकच, हे ओळखायचं कसं? रोपांवर तांबेऱ्याची पूड उडवली, तर एक कुलूप असलेलं रोपही निरोगी राहील आणि दोन असलेलंही. चोर आत शिरला नाही, एवढंच कळतं. दाराला कुलूप एक होतं की दोन, ते बाहेरून कळत नाही. डोळ्यांनी निवड करणारा कितीही अनुभवी असो, इथे त्याचा नाइलाज होतो.

इथे उपयोगी पडतो तो मॉलिक्युलर मार्कर. शब्द जड आहे. मी त्याला 'खूण' म्हणतो.

बाहेरगावच्या पाहुण्याला सराफ्यातलं घर सांगताना आपण काय सांगतो? "बाड्यावरून आत या, अमुक पानवाला दिसेल, त्याच्या शेजारचा जिना." पानवाला म्हणजे आपलं घर नव्हे, पण पानवाला सापडला की घर सापडतं. जनुकाचं तसंच आहे. गव्हाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २१ जोड्या आणि त्यांत डीएनएची सुमारे १६-१७ अब्ज अक्षरं, म्हणजे माणसाच्या पाचपट. एवढ्या पसाऱ्यात एक जनुक शोधणं म्हणजे पत्ता नसताना दिल्लीत एक खोली शोधणं. पण त्या जनुकाच्या शेजारी डीएनएचा असा एखादा तुकडा सापडला, जो रोगप्रतिकारक गव्हात असतो आणि रोगाला बळी पडणाऱ्यात नसतो, तर तोच आपला पानवाला.

मात्र खूण जवळची हवी. दर पिढीत आई आणि बाप यांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. खूण जनुकाला अगदी चिकटून असेल, तर ती दोघं जवळजवळ नेहमी एकत्रच राहतात. लांब असेल, तर एखाद्या पिढीत पानवाला एका रोपात आणि घर दुसऱ्याच रोपात. बाड्यावरच्या घड्याळाची खूण सांगून पाहुणा घरी पोचेलच असं नाही. म्हणून शास्त्रज्ञ जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक खूण शोधतात, आणि जमलं तर घराचा नंबरच, म्हणजे प्रत्यक्ष जनुकाची अक्षरं.

हे काम आपल्या पुण्यात झालं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. गव्हाचा एक रानटी नातेवाईक आहे, एजिलॉप्स स्पेल्टॉइडिस नावाचं गवत. त्याच्याकडून पानावरच्या तांबेऱ्याला अडवणारं 'एलआर-२८' हे जनुक गव्हात आणलेलं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांचे सहकारी, आघारकर संशोधन संस्थेतले गव्हाचे जाणकार आणि अमेरिकेतले डॉ. बिक्रम गिल यांनी मिळून या जनुकाच्या शेजारची खूण शोधून १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. भारतातल्या गव्हाच्या कामात अशी खूण शोधण्याचे ते सुरुवातीचे दिवस होते. आघारकर संस्थेबद्दल एक वाक्य सांगायलाच हवं. मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' म्हणून तिची स्थापना केली. ज्या हंगामात मध्य भारताचा गहू तांबेऱ्यानं खाल्ला, त्याच वर्षी. बाजारात 'एमएसीएस' नावानं गहू मिळतो, ती याच संस्थेची इंग्रजी आद्याक्षरं.

खूण एकदा सापडली की पुढचं काम आटोपशीर असतं. रोप दोन-तीन पानांचं झालं की नखाएवढा पानाचा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा, खुणेच्या तुकड्याच्या यंत्रात लाखो प्रती करायच्या आणि जेलीसारख्या पातळ थरात विजेच्या प्रवाहानं पळवायच्या. दिव्याखाली पट्टी दिसली तर जनुक आहे, नाही दिसली तर नाही. दोन जनुकं असतील तर दोन वेगळ्या पट्ट्या. इथे कुलूप एक की दोन, ते मोजता येतं. रोप तसंच वाढत राहतं, पुढे त्याला ओंबी येते. तांबेऱ्याची साथ येण्याची वाट पाहायला नको.

इथे कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो. हा जीएम गहू नव्हे. संकर नेहमीसारखाच, चिमट्यानं पुंकेसर काढून आणि दुसऱ्या गव्हाचे परागकण टाकून होतो. मार्कर फक्त वाचतो. तो गव्हात काही घालत नाही आणि काढतही नाही. जन्मपत्रिका पाहिल्यानं मुलाचं नाक बदलत नाही, तसंच.

आता मघाच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. एलआर-२८ ची खूण सापडली, लोकांनी ते जनुक वापरलं, आणि २०१० मध्ये शिमल्याच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं की त्याला चुकवणारे तांबेऱ्याचे प्रकार भारतात आले आहेत. बारा वर्षांत किल्ली सापडली. ऐकून निराशा होईल, पण मला यात काम फुकट गेलं असं वाटत नाही. खूण हातात होती, म्हणूनच ते जनुक एकटं न ठेवता दुसऱ्यांच्या सोबतीला बसवता येतं. पंजाबात पडलेल्या पीबीडब्ल्यू-३४३ मध्येच मार्करच्या मदतीनं रानगवतांकडून आलेली नवी जनुकं जोडून २०१७ मध्ये 'उन्नत पीबीडब्ल्यू-३४३' काढला. त्याच घराला नवी कुलपं बसवली म्हणा. शेतकऱ्याला दाणा तोच, पोळी तीच.

आणखी एक वेगळ्या स्वभावाचं जनुक आहे, एलआर-३४. ते तांबेऱ्याला पूर्ण अडवत नाही, त्याची चाल मंद करतं. पुळ्या कमी, लहान आणि उशिरा. तोवर दाणा भरून जातो. अशा अर्ध्या प्रतिकाराची किल्ली तांबेऱ्याला अनेक दशकांत सापडलेली नाही. माझ्या मते मोठ्या पहिलवानापेक्षा हा मुरलेला चौकीदार बरा. पण कोवळ्या रोपात याचा गुण दिसतच नाही, म्हणून पूर्वी निवड करणारे त्याला चुकवून जात. २००९ मध्ये हे जनुक प्रत्यक्ष ओळखलं गेलं. आता पानाच्या तुकड्यावरून ते आहे की नाही ते सांगता येतं.

आपल्या घरातल्या भगिनींसाठी, आणि भगिनींनी केलेलं खाणाऱ्या बंधूंसाठी, एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. खपली गहू. सांगली, साताऱ्याकडे आणि उत्तर कर्नाटकात पिकणारा, कोंडा सहज न सोडणारा, खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी वाखाणलेला. ग्वाल्हेरीतही हल्ली तो भारी किमतीला मागवतात. साखरेच्या आजारावर तो किती गुणकारी, हे डॉक्टरांना विचारा, मला नको. मला सांगायचं आहे ते वेगळं. अमेरिकेत मिनेसोटात स्टॅकमन या शास्त्रज्ञानं १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी जगभरातले १२ गहू निवडले. कोणती जात कोणत्या गव्हावर चालते, यावरून तिची ओळख. त्या बारांत एक 'खपली' होता, याच नावानं. पुढे सिडनीचे वॉटरहाउस यांनी आपला खपली आणि तिकडचा स्टाइनवेडेल यांचा संकर केला आणि त्याचं नाव ठेवलं 'खपस्टीन'. हा संकर सोपा नव्हे; पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं, खपलीत २८. खपलीतून पोळीच्या गव्हात आलेली एसआर-१३ आणि एसआर-१४ ही जनुकं आज जगाच्या यादीत आहेत. त्यातलं एसआर-१३ यूजी-९९ च्याही विरुद्ध चालतं, आणि २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी त्या जनुकाची प्रत्यक्ष अक्षरं वाचली. म्हणजे आता त्याचा पानवालाच नव्हे, घराचा नंबरही माहीत आहे. आपल्या आज्या ज्याला उखळात कांडून खिरीसाठी जपत होत्या, त्याच्या अंगात हे कुलूप होतं.

असंच महाराष्ट्रात निफाडला झालं. तिथल्या केंद्रानं निफाडचा गहू आणि तांबेऱ्याला दाद न देणारा केनियाचा गहू यांचा संकर केला आणि नाव ठेवलं 'केनफड'. नावात दोन्ही गावं मावली. हे सगळं मार्करच्या आधीचं, नुसत्या डोळ्यांवर आणि चिकाटीवर.

जुन्या गव्हाची आठवण काढणारे इथे बरेच आहेत. "सी-३०६ ची पोळी आता कुठे!" हे मी दर लग्नात ऐकतो. सी-३०६ तांबेऱ्याला बळी पडत असे, हे मात्र कुणी आठवत नाही. निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या केंद्रात, म्हणजे तांबेऱ्याच्या माहेरीच, सी-३०६ शी पुन:पुन्हा संकर करून त्यात एलआर-२४ आणि एसआर-२४ ही जोडीनं राहणारी जनुकं बसवली आणि मध्य भारतासाठी 'अमर' नावाचा वाण काढला. दर संकरात परक्या गव्हाचा वाटा अर्धा होतो. सहा वेळा केलं की शेकड्याला एकाहून कमी उरतो. यात आठ-दहा वर्षं सहज जातात. मार्करनं आता दोन-तीन फेऱ्यांतच बहुतेक सी-३०६ परत आलेलं रोप निवडता येतं.

पण प्रयोगशाळेतलं कुलूप आणि शेतातलं दार यांच्यामध्ये बियाणाचं पोतं असतं, आणि तिथे माझं काम सुरू होतं. आपल्या भागात कितीतरी शेतकरी घरचंच बी वर्षानुवर्षं पेरतात. घरचं बी वाईट असतं असं मुळीच नाही. पण त्यातलं कुलूप कोणत्या सालचं आहे, हे ठाऊक हवं. आणि शेजारी-पाजारी सगळे एकच वाण पेरत असतील, तर निदान आपल्या एका शेतात दुसरा वाण पेरावा. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अजून गावाकडून वाट्याचा गहू येतो, त्यांनी यंदा बटईदाराला वाणाचं नाव विचारावं. 'शरबती' एवढंच उत्तर आलं, तर ते नाव बाजाराचं आहे, वाणाचं नव्हे.

आणि गावी गेलात आणि फेब्रुवारीत पानावर बोट फिरवल्यावर पूड लागली, तर ते पान तोडून कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून सडतं. पाकिटावर गावाचं नाव, वाणाचं नाव आणि तारीख लिहून जवळच्या कृषी कार्यालयात द्या. असे नमुने देशभरातून शिमल्याला फ्लॉवरडेलच्या केंद्रात जातात. मेहतांनी सुरू केलेलं काम तिथे अजून चालू आहे. कोणत्या कुलपाची किल्ली यंदा फिरू लागली आहे, हे तिथे कळतं, आणि पुढच्या संकरात कोणती खूण शोधायची, हेही तिथून ठरतं.

प्रसादाची वेळ झाली आहे. गणपती बाप्पा मोरया!